साखर पेठेतली दहा बाय बाराची खोली, तीन माइक आणि मोबाइलवर नाहीसा होणारा स्नेअर

धोटा_सोलापूर

नमस्कार. आमच्या घराच्या तळमजल्यावर, जेथे पूर्वी वडिलांचे दोन माग होते, त्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मी माझा पाच नगांचा ड्रमसेट मांडला आहे. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी आणि चारही बाजूंना उघड्या भिंती आहेत. माझ्याकडे स्वस्तातली कंडेन्सर माइकची एक जोडी, गाण्यासाठी घेतलेला एक डायनॅमिक माइक आणि दोनच माइक घेणारा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आहे, त्यामुळे किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, लावायचा तो डायनॅमिक सध्या नुसता पडून आहे. एक कंडेन्सर मी स्नेअरच्या (खाली तारा असलेल्या मुख्य ड्रमच्या) वर साधारण दोन फुटांवर लावतो आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमच्या) पलीकडे, खांद्याच्या उंचीवर. हेडफोनवर ऐकताना सारे बरे वाटते. परंतु तेच ध्वनिमुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर लावले की स्नेअरचे अंग नाहीसे होते आणि पत्र्याच्या डब्यावर चमचा मारल्यासारखा आवाज उरतो. शिवाय क्रॅश आणि हाय-हॅट या झांजा बाकी सर्वांना गिळून टाकतात. दुकानदार सात माइकचा संच घ्या म्हणतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी दोन गाणी पूर्ण करायची आहेत. पैसे त्या संचावर घालावेत, की चूक माझ्याच मांडणीत आहे?

जुना_ऑर्केस्ट्रावाला

संच तूर्त घेऊ नका. हेडफोनवर बरे आणि मोबाइलवर पोकळ, या एकाच वाक्यात तुमच्या दुखण्याचे निदान आहे. हेडफोनमध्ये एक माइक एका कानात आणि दुसरा दुसऱ्या कानात जातो, म्हणून त्यांचे भांडण उघड होत नाही. मोबाइलचा लहानसा स्पीकर मात्र दोन्ही आवाज एकत्र मिसळतो, आणि मिसळताना जे एकमेकांच्या विरुद्ध असते ते खोडले जाते.

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्नेअरपासून तुमचा एक माइक दोन फुटांवर आणि दुसरा पाच फुटांवर असेल, तर फरक तीन फुटांचा, म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटरचा पडतो. ही लांबी १९० हर्ट्झच्या आसपासच्या लाटेच्या निम्मी आहे, आणि स्नेअरचे भरदार अंग नेमके त्याच परिसरात असते. म्हणजे पहिल्या माइकमध्ये लाट वर असते तेव्हा दुसऱ्यात ती खाली असते. महागडे माइक आणले तरी हा हिशेब बदलत नाही.

उपाय दोऱ्याचा आहे, आणि मागवाल्याच्या घरी दोऱ्याला तोटा नसावा. दोऱ्याचे एक टोक स्नेअरच्या मधोमध चिकटपट्टीने लावा. पहिला माइक स्नेअरच्या सरळ वर सुमारे ४० इंचांवर न्या, तेथे दोऱ्याला गाठ मारा, आणि त्याच गाठीपर्यंतच्या अंतरावर दुसरा माइक फ्लोअर टॉमच्या बाहेरच्या बाजूला, टॉमच्या कडेपेक्षा वीतभर उंच, स्नेअरकडे तोंड करून ठेवा. ही मांडणी ब्रिटिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते. नंतर दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये, म्हणजे एकत्र मिसळून, ऐका आणि एकाची पोलॅरिटी, म्हणजे लाटेचे वर-खाली, उलटी करून पाहा. ज्या स्थितीत स्नेअर जाड वाटेल ती ठेवा.

पैसे खर्चायचेच असतील तर चार माइक घेणारा इंटरफेस घ्या, म्हणजे पडून असलेला डायनॅमिक किकला लावता येईल. दोन वेगळे इंटरफेस एकाच संगणकाला जोडून काम भागवण्याचा मोह टाळा, कारण प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र चालते आणि गाणे पुढे सरकते तसे ट्रॅक एकमेकांपासून सुटू लागतात.

विजापूर_वेस

दोऱ्याविषयी सहमत आहे, पण खोलीचे काय? फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंती म्हणजे प्रत्येक ठोका चार वेळा ऐकू येणार. सोलापुरात राहून चादरी कमी पडाव्यात हे काही बरोबर नाही. मात्र चादर भिंतीला चिकटवून ठोकू नका. भिंतीपासून आठ-दहा इंच सोडून, चुण्या पाडून, दुहेरी टांगा. सेटच्या खाली जाड सतरंजी घाला. किकच्या आत एक टॉवेल घडी करून पुढच्या हेडला (ताणलेल्या पडद्याला) जेमतेम टेकेल असा ठेवला, तर घुमणे आटोक्यात येते.

हलगी

चादरींबाबत थोडा मतभेद नोंदवतो. कापड वरच्या पट्टीतला आवाज शोषते, खर्जाला ते हातही लावत नाही. १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटरची असते, तिला दहा इंचांची पोकळी काय रोखणार! चारही भिंती चादरींनी मढवल्या तर झांजांची चमक मरते आणि खालचा घुमारा तसाच राहतो, मग आवाज पेटीत बसून वाजवल्यासारखा येतो. दोन भिंती झाका, दोन मोकळ्या राहू द्या, आणि गाद्या असतील तर त्या कोपऱ्यांत उभ्या करा.

झांजा सर्वांना गिळतात याचे कारण मात्र बहुधा माइकही नाही आणि खोलीही नाही. तुम्ही क्रॅश जोरात आणि स्नेअर हळू मारता, एवढेच त्याचे कारण असावे. रागावू नका, मीही कित्येक वर्षे तसेच वाजवत होतो. मांडवात तोल सांभाळायला मिक्सरवर माणूस बसलेला असतो, पण दोन ओव्हरहेडवर, म्हणजे सेटच्या वर-बाजूला लावलेल्या माइकवर, तोल तुमच्या मनगटातूनच यावा लागतो. आणि माइक लावण्यापूर्वी ड्रम-की (बोल्ट फिरवायची चावी) घेऊन अर्धा तास हेड सुरात लावण्यात घालवा. प्रत्येक बोल्टपाशी काठीने हलकेच टकटक करून सगळीकडे एकच सूर येतो का ते पाहा.

धोटा_सोलापूर

सर्वांचे आभार. रात्री दोरा लावून मोजले: एक माइक ५८ सेंटिमीटरवर आणि दुसरा १४६ सेंटिमीटरवर निघाला, म्हणजे ऑर्केस्ट्रावाले काकांचा हिशेब घरबसल्या बरोबर ठरला. गाठ मारून दोन्ही माइक एका अंतरावर आणले आणि मोबाइलवर ऐकले, तर स्नेअर परत आला. पोलॅरिटी उलटी केल्यावर तो पुन्हा पातळ झाला, म्हणून आधीचीच स्थिती ठेवली आहे. दोन भिंतींवर आईच्या ट्रंकेतल्या चार चादरी टांगल्या असून त्या डाग न पडता परत मिळाव्यात अशी तिची अट आहे. हलगी यांचे म्हणणे ऐकून क्रॅश हळू मारण्याचा प्रयत्न केला. पहिल्या कडव्यापर्यंत जमले, पुढे हात सुटला.

किक अजून दूरची वाटते, त्यासाठी इंटरफेस बघतो आहे. एक अडचण राहिली: समोरच्या कारखान्यातले पॉवरलूम दिवसभर चालतात आणि त्यांची धडधड दोन्ही माइकमध्ये येते.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

ओव्हरहेडवर ८० हर्ट्झच्या खालचे कापणारा फिल्टर लावा, त्याने जमिनीतून येणारी थरथर जाईल. मागातल्या धोट्याचा खटखटाट मात्र कोणत्याही फिल्टरने जाणार नाही. समोरच्यांची जेवणाची सुट्टी कधी असते ते विचारून ठेवा.

धोटा_सोलापूर

एक ते दोन. पंखा बंद करून तेवढ्यात एक गाणे उरकते.