मागितला ‘मंगल’, दिसतो दुसराच: फॉन्टची निवड कशी होते?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल मी विंडोजवर ‘मंगल’ फॉन्टमध्ये, १२ पॉइंट आकारात टाइप केला. तीच फाइल लिनक्सवर उघडली तेव्हा नाव ‘मंगल’च दिसत होते, पण अक्षरांचे वळण निराळे होते आणि १४ पानांचा मजकूर १५व्या पानावर गेला. विंडोजवरही एका जुन्या प्रोग्राममध्ये पडद्यावर एका शब्दापाशी संपणारी ओळ छापताना दुसऱ्याच शब्दापाशी संपते. असे का होते?

उत्तर १:
फाइलमध्ये बहुधा फॉन्ट नसतो, त्याचे नाव आणि वर्णन असते. विंडोजच्या जीडीआय या जुन्या व्यवस्थेत प्रोग्राम नाव, उंची, ठळकपणा, तिरपेपणा, वर्णसंच (म्हणजे कोणत्या लिपीची अक्षरे हवीत) असे तपशील मागतो. व्यवस्था उपलब्ध फॉन्ट त्यांच्याशी ताडून पाहते, प्रत्येक तफावतीला दंडाचे गुण लावते आणि ज्याचा एकूण दंड सर्वांत कमी, तो फॉन्ट देते. वर्णसंच चुकल्याचा दंड सर्वांत जबर असतो, आणि ते योग्यच आहे, कारण वळण बदलले तरी मजकूर वाचता येतो, अक्षरेच नसली तर नुसते चौकोन उरतात.

छपाईतला फरक उपकरणामुळे पडतो. १२ पॉइंट (इंचाचा सहावा भाग) म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल असलेल्या पडद्यावर १६ पिक्सेल, तर इंचाला ६०० बिंदूंच्या प्रिंटरवर १०० बिंदू. पडद्यावर अक्षराची रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये बसवताना होणारी किंचित वाढ-घट ओळभर साचत जाते आणि शेवटचा शब्द खाली उतरतो.

उत्तर २:
लिनक्सवर फॉन्ट निवडण्याचे हे काम फॉन्टकॉन्फिग ही व्यवस्था करते. ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टचा असल्याने तिथे सहसा नसतो. मग मजकुराची भाषा पाहून देवनागरीचा दुसरा फॉन्ट निवडला जातो. टर्मिनलमध्ये ‘एफसी-मॅच’ (fc-match) या आज्ञेपुढे फॉन्टचे नाव रोमन लिपीत द्या, म्हणजे प्रत्यक्षात कोणता मिळतो ते कळेल. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ अशी अवश्य नोंदवा, कारण अनेक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्या नोंदीनंतरच उमटतात. हे मला पानांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आज्ञा दिल्यावर ‘लोहित देवनागरी’ हे नाव आले. छापखान्याला फाइल कशी द्यावी?

उत्तर १:
विंडोजवरूनच पीडीएफ करा आणि तिच्या गुणधर्मांत ‘मंगल’ अंतर्भूत झाल्याची खात्री करा. मग छापखान्यातल्या संगणकाला पर्यायी फॉन्ट शोधावा लागणार नाही.