अनुभव सांगा : कांदा विळीवर, सुरीने की फूड प्रोसेसरमध्ये?

गेल्या गणपतीत डोंबिवलीहून देवगडला जाताना मी कपड्यांची एक बॅग कमी केली आणि फूड प्रोसेसर घेतला. घरात 28 माणसं. पहिल्या दिवशी मोदक, दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, विसर्जन झालं की वडे-सागोती. म्हटलं, काकूंचे हात जरा वाचतील. काकूंनी भांडं उलटंपालटं करून बघितलं, पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बरा आसा. पण ह्या मागसून धुवचा कोणी?"

दोन किलो कांदे यंत्राने पाच मिनिटांत बारीक केले, यात वाद नाही. पण ते टोपात घातल्यावर परतले जाईनात, आपल्याच पाण्यात शिजत बसले. वाटपाला लाल कांदा हवा होता, मिळाला पांढरा लगदा. मग झाकण, ढकलणी, भांडं, दांडी, पातं आणि दोन चकत्या असे सात नग मागीलदारी राखुंडीने घासले (द्रव साबण संपला होता). ऋषीच्या भाजीला तर काकूंनी यंत्राला हातच लावू दिला नाही. बैलाच्या कष्टाचं काही त्या भाजीत चालत नाही, मग विजेच्या कष्टाचं कसं चालेल, हा त्यांचा प्रश्न. मला उत्तर सुचलं नाही.

तर किनाऱ्यावरच्या घरांतले अनुभव हवे आहेत. कुठल्या कंपनीचं घ्यावं, हे इथे नको. काय चिरलंत, किती माणसांसाठी, आणि धुतलं कोणी, एवढं सांगा.

मालवण, घरगुती खानावळ

रोज 40 ताटं होतात, सुट्टीत जास्त. त्यामुळे मला यंत्राबद्दल राग नाही आणि प्रेमही नाही.

ताई, तुमचा कांदा बिघडला तो भांडं गच्च भरल्यामुळे. तळाचा कांदा पिठलं होतो आणि वरचे तुकडे तसेच फिरत राहतात. अर्ध्याहून कमी भरा, कांद्याचे चारच भाग करा आणि बटण दाबून लगेच सोडा, असं चार-पाच वेळा. सलग फिरवायचं नाही. तरीही लाल कांद्याच्या वाटपाला मी उभा चिरलेला कांदाच घेते आणि तो आडाळ्यावरच (विळीवरच) चिरते. उभ्या कांद्याचं पाणी कढईत पटकन उडतं, कडा करपायला लागतात, आणि वाटपाची चव त्या कडांत असते.

नारळाचं मात्र नीट समजून घ्या. पात्याच्या भांड्यात खोबऱ्याचे तुकडे टाकले की पाठीची तपकिरी साल पण आत जाते. भाजायच्या खोबऱ्याला ते चालतं, भाजून रंग तोच येणार आहे. सोलकढीला नाही चालत, रस मळकट दिसतो आणि आगळाचा (कोकमाच्या रसाचा) गुलाबी रंग उठत नाही. म्हणून सोलकढीचे नारळ खवणीवर आणि पांढरं तेवढंच खवायचं, वाटीच्या तळाशी खवणी खरवडायला लागली की थांबायचं. खवलेलं मिक्सरला लावताना पाणी गार घ्या. फार वेळ फिरवलं की भांडं तापतं, खोबऱ्याला तेल सुटतं आणि कढीवर तवंग येतो. पर्यटक विचारतात की तुमच्या सोलकढीत काय घालता. काही घालत नाही, फक्त लवकर बंद करते.

कोबी, गाजर, काकडी चकतीवर. 40 जणांची कोशिंबीर हाताने चोचवायची हौस माझी कधीच फिटली.

तिसऱ्या (शिंपल्या) पण आडाळ्यावरच. पातं शिंपल्याच्या फटीत घालायचं, उघडायचं, मांस एका शिंपीत राखून दुसरी टाकायची. याला यंत्र निघालं तर मला पहिलं कळवा.

मुरूड, कोळीवाडा

बोंबील यंत्रात घालायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर त्याने आधी खाडीत डुबकी मारून यावं. बाकी आले-लसूण खुशाल घाला.

रत्नागिरी, रसायनशास्त्र शिकवतो, स्वयंपाक रविवारी

कांदा चिरताना पेशी फुटतात, आतलं विकर गंधकाच्या संयुगांना भेटतं आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. पेशी जितक्या जास्त फुटतील तितका रस बाहेर, तितका वास उग्र. धारदार सुरी पेशींच्या ओळी कापत जाते. बोथट सुरी आणि वेगाने फिरणारं पातं त्यांना चेंगरतात. यंत्रातला कच्चा कांदा कोशिंबिरीत कडवट लागतो तो यामुळेच. रडू टाळायचं तर कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत विकराचं काम मंदावतं.

आणि सुरीला धार लावा हो. आमच्या स्टाफरूममध्ये 12 जण आहेत, त्यातल्या एकाच्याही घरी टोमॅटोची साल न चेंगरता कापणारी सुरी नाही. ज्या घरात सुरी बोथट तिथे यंत्र जिंकणारच.

दापोली तालुका, बागायत

3 जून 2020. निसर्ग वादळ. घराची कौलं गेली, पोफळी मोडल्या, विजेचे खांब रस्त्यावर आडवे. आमच्या वाडीत पुढचे 26 दिवस वीज नव्हती.

मिक्सर, प्रोसेसर, फ्रिज, सगळी भांडी झाली. पाटा कुठे होता? विहिरीपाशी, कपडे धुवायचा दगड म्हणून. वरवंटा गोठ्यात दाराला लावलेला. दोन्ही धुऊन आणले तर पाटा झिजून गुळगुळीत, मिरची त्याच्यावरून नुसती घसरे. पाट्याला टाकी लावणारी, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून देणारी माणसं पूर्वी दारावर यायची, त्या दिवसांत कोण येणार. वडिलांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि पडवीत बसून दोन तास टाचे मारले. त्या पाट्यावरची पहिली चटणी कचकचली, दगडाची कच होती. तिसऱ्या दिवसापासून वाटप नीट होऊ लागलं.

चव न्यारी वगैरे लोक म्हणतात. असेलही. मला आठवतो तो आईचा खांदा, रात्री तेल लावून शेकलेला. वीज आली त्या दिवशी तिने पहिलं काय केलं असेल तर मिक्सर लावून रिकामाच फिरवला. पाटा आता विहिरीवर परत नाही गेला, पडवीत आहे. विळीला पावसाळ्याआधी खोबरेल तेलाचा हात देतो, नाहीतर आमच्या हवेत आठ दिवसांत तांबडी होते.

गुहागर

कबूल करते. फणसाची कुयरी (कोवळा फणस) मी प्रोसेसरमध्ये घातली होती. कच्ची.

दरवर्षी हाताला आणि विळीला तेल चोपडा, चीक कागदाने पुसा, तुकडे उकडा, मग ठेचा. कंटाळा आला आणि म्हटलं उकडण्याआधीच बारीक करू. दहा सेकंदांत आवाज बदलला. झाकण उघडलं तर पात्याभोवती च्युइंगमसारखा गोळा आणि दांडीच्या भोकात चीक. पाण्याने धुतलं तर तो आणखी घट्ट बसला. शेवटी खोबरेल तेल आणि जुना टूथब्रश, दोन दुपारी. आई ओट्यापाशी आली, बघितलं, काही बोलली नाही. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

उकडलेली कुयरी मात्र दोन झटक्यांत छान मोकळी होते, हे त्यानंतरच्या वर्षी कळलं.

श्रीवर्धन

आमच्याकडे प्रश्न खिम्याचा. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी कबाब. नानी दोन सुऱ्या घेऊन पाटावर टकटक करत खिमा कुटायची, गल्लीभर आवाज. मी प्रोसेसरमध्ये केला तर मलमासारखा झाला, कबाब रबरी. मग युक्ती सापडली : मांसाचे तुकडे आधी फ्रीजरमध्ये कडक होईपर्यंत ठेवायचे, चरबी गार असली की पातं कापतं, नाहीतर फासतं. थोडं थोडं घालायचं. नानीच्या दोन सुऱ्या अजून आहेत, कोणाला उचलवत नाहीत.

वेंगुर्ला, निवृत्त शिक्षिका

वरचं सगळं वाचलं. मला संधिवात आहे, नऊ वर्षं झाली. विळीवर बसायचं तर मांडी घालता यावी लागते आणि उठताही यावं लागतं. आडाळो जमिनीवर राहिला आणि आम्ही ओट्याशी उभ्या राहिलो, तेव्हाच अर्धी विळी सुटली. मग सुरी. पण सुरीची मूठ धरून दाब द्यायला अंगठा हवा, आणि माझा सकाळी अकरापर्यंत वळत नाही.

तेव्हा "हाताची चव" हा शब्द कोणी काढला की मला राग येतो. कोणाच्या हाताची? आमच्या घरात 40 वर्षं ती चव माझ्या हाताची होती, खाणाऱ्यांपैकी एकानेही कधी विळी धरली नव्हती. यंत्र माझ्या पेन्शनमधून घेतलं. भेंडी, दुधी, कांदा, कोबी, सगळं चकतीवर. भेंडीच्या चकत्या थोड्या चिकट होतात, चालतं.

एक अडचण कोणी सांगत नाही. झाकण फिरवून खटका बसल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. सुरक्षेसाठी चांगलंच आहे, पण तो खटका बसवायला मनगटाला जोर लागतो. दुखऱ्या मनगटाच्या माणसाचा विचार तिथे झालेला नाही. मुलाने कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवून दिलं, आता बसतं. घ्यायला जाल तेव्हा दुकानात झाकण स्वतः पाच वेळा लावून बघा, विकणाऱ्याला लावू देऊ नका.

मोदकांची उकडही मी त्यातच मळते. बोटं भाजत नाहीत. गेल्या वर्षी 51 केले, कळ्या शेजारच्या मुलींनी काढल्या.

चिपळूण, मिक्सर दुरुस्ती

थोडं यंत्राच्या बाजूने. असा प्रोसेसर घराघरांत गेला तो अमेरिकेत 1973 साली बाजारात आलेल्या क्युझिनार्टपासून, आणि त्याचं मूळ फ्रान्समधल्या हॉटेलांच्या यंत्रात. ते जाडजूड, हळू फिरणारं. आपल्याकडे बरेचदा मिक्सरच्याच मोटरवर मोठं भांडं बसवलेलं असतं. मिक्सरची मोटर मिनिटाला 18 हजार फेऱ्यांच्या आसपास जाते, म्हणून भांड्याखाली वेग कमी करायची सोय असते. आधी झिजतो तो कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा. भांडं डगमगलं की तेवढाच बदला, स्वस्तात काम होतं.

मध्येच बंद पडलं तर लगेच माझ्याकडे आणू नका. बहुतेक यंत्रांना खाली लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, दाबा. महिन्याला चार-पाच गिऱ्हाईकं मी असं फुकट परत पाठवतो.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर माझ्या दुकानासमोर मिक्सरांचा ढीग होता, आणि दुकानात माझ्याही छातीएवढं पाणी येऊन गेलं होतं. ज्यांनी चिखल धुऊन, वाळवून, न लावता आणले त्यांतले बरेच वाचले. "चालतो का बघू" म्हणून प्लग लावला ते जळले. विळ्या कोणी दुरुस्तीला आणल्या नाहीत.

देवगड-डोंबिवली (धागा काढणारी)

वेंगुर्ल्याच्या बाई, तुमचं वाचून काल काकूंना फोन केला. कांद्याचा विषयच त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, "गो, तो डबो ह्या वर्षी हाडशीत मा? उकड मळूक." (तो डबा, म्हणजे प्रोसेसर, आणशील ना?) गेल्या वर्षी तळहातांना फोड आले होते म्हणे, तेव्हा बोलल्या नाहीत. तर आता मापं सांगा. एका वेळी किती उकड घालायची, आणि पातं कुठलं?

वेंगुर्ला, निवृत्त शिक्षिका

दोन वाट्या पिठीची, त्याहून जास्त नको. बोथट प्लास्टिकचं मळायचं पातं, धारेचं नव्हे. उकड झाकून पाच मिनिटं मुरू दे, वाफ जरा जाऊ दे, मगच भांड्यात घाल, नाहीतर झाकणाच्या आत पाणी धरतं आणि गोळा सैल होतो. तुपाचा हात आणि दोन चमचे कोमट पाणी. गोळा एकत्र आला की तिथेच थांबायचं, पुढे चिकट होते. आणि भांडं लगेच पाण्यात टाक, वाळलेली उकड खरवडायला काकूंना लावू नकोस.