बर्लिनचं हॉटेल आडलोन जुनं की नवीन?

ब्रांडेनबुर्ग गेटच्या अगदी शेजारी ते हिरव्या छपराचं मोठ्ठं हॉटेल आहे ना, दिसतं शंभर वर्षं जुनं पण गाईड म्हणाला नव्वदच्या दशकातलं आहे, मग सगळीकडे १९०७ लिहितात ते कशाचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
दोन्ही खरंय. लोरेन्झ आडलोनने १९०७ ला सुरू केलं, त्यासाठी चक्क शिंकेल या नामांकित आर्किटेक्टने घडवलेला रेडर्न वाडा पाडला, आणि एवढं जमलं कारण जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा स्वतः पाठीशी होता. रूममध्ये वीज, नळाला गरम पाणी, तेव्हा याचं केवढं अप्रूप! दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर एवढे बॉम्ब पडले तरी हॉटेल बऱ्यापैकी शाबूत राहिलं, शेवटी तर तिथे जखमींसाठी हॉस्पिटल होतं, आणि मे १९४५ मध्ये लढाई संपता संपता आग लागून मुख्य इमारत गेली. फार वाईट वाटतं याचं.

प्रतिसाद २
मागची एक विंग वाचली होती बरं का! पूर्व जर्मनीने तिथे हॉटेल चालवलं, मग शिकाऊ कामगारांचं होस्टेल केलं आणि १९८४ ला पाडून टाकलं. आत्ताचं १९९७ चं, जुन्याच्या धर्तीवर.

प्रतिसाद ३
लोरेन्झचा शेवट पण तिथेच झाला, १९२१ मध्ये ब्रांडेनबुर्ग गेटपाशी गाडीने उडवलं त्याला. पुढे मुलगा लुईने हॉटेल सांभाळलं.