मदत हवी आहे: ‘मिलिशिया’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मुलांसाठी सॅम्युअल व्हिटमोर या अमेरिकन शेतकऱ्यावर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय.

१९ एप्रिल १७७५, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस. काँकर्डहून बॉस्टनकडे परतणारी ब्रिटिश फौज मेनॉटॉमी गावातून (आजचं आर्लिंग्टन) जात होती. ऐंशीला टेकलेला हा म्हातारा दगडी गडग्याआड एकटा बसून राहिला आणि त्याने गोळ्या झाडल्या. सैनिकांनी त्याच्या तोंडावर गोळी घातली, संगिनी खुपसल्या, मेला समजून टाकून दिलं. तो वाचला! थेट १७९३ पर्यंत जगला.

गावातल्या स्मारकशिळेवर त्याचं वय ८० कोरलंय, पण जुलै १६९६ चा जन्म धरला तर ७८ भरतं. मी ७८ लिहितेय. चालेल ना?

खरी अडचण शब्दाची आहे. ‘मिलिशिया’ म्हणजे शेती सांभाळून, वेळ आली की घरची बंदूक घेऊन निघणारे गावकरी. ‘शिलेदार’ जवळचा वाटतो, पण त्यात घोडा आला आणि पगारही. ‘नागरी सेना’ फार सरकारी वाटतं. ‘गावसेना’ कसा वाटतो? जुन्या कागदपत्रांत याहून चपखल शब्द कुणाला आढळलाय का? कृपया संदर्भासह सांगा.