पगारवाढ दिली, तरी पोळ्यांच्या ताई गेल्या

‘पगार वाढवा, माणसं आपोआप टिकतात’ असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ठाण्याच्या नौपाड्यात आमचं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. पोळ्या लाटणाऱ्या ताईंना महिना हजार रुपये वाढवून दिले, तरी दीड महिन्यात त्यांनी काम सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, "पैशाचं नाही हो दादा. साडेदहाला सुटून कळव्याला पोचायचं, मग पाणी कधी भरायचं?" तेव्हापासून साडेआठनंतर पोळपाट उभा ठेवतो. उशिराच्या गिऱ्हाइकाला भात-आमटी. थोडा धंदा बुडतो, पण नव्या दोघी दीड वर्ष टिकल्यात.

दुसरं, सुट्टीचं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आहे. मूळ कायदा दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे लागू होता आणि आम्ही सहाच, म्हणून मी ती कधी दिलीच नव्हती (सांगायला लाज वाटते). आता पाळीपाळीने देतो. सोमवारी लाटायला मीच बसतो. त्या दिवशीच्या पोळ्या गिऱ्हाइकं आकारावरूनच ओळखतात.