नेपाळचं सोयातेल शून्य शुल्कावर काऊन येते?

वाशिमवाला:
२०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, अन् तेव्हा बाजार समितीत बोली चार हजाराच्या आसपास होती. सप्टेंबर २०२४ मध्ये रिफाइंड तेलावरचं आयातशुल्क ३५.७५ टक्के झालं, तरी नेपाळचं रिफाइंड तेल शून्यावर. नेपाळात सोयाबीन पिकते तरी किती? मंग दिल्ली हे दार लावत काऊन नाही?

घाणीवाला_अकोला:
भाऊ, त्या दाराची किल्ली परराष्ट्र खात्याच्या खिशात आहे. १९९६ च्या भारत-नेपाळ व्यापार करारानं नेपाळी कारखान्यांच्या मालाला जवळपास बिनअटीची सूट दिली. वनस्पती तुपाचा लोंढा आला तेव्हा २००२ मध्ये अटी घातल्या: ३० टक्के मूल्यवर्धन (म्हणजे मालाच्या किमतीत नेपाळातच पडलेली भर), एचएस कोडचे (कस्टमच्या मालवर्गीकरणाच्या आकड्याचे) पहिले चार अंक बदललेले हवेत, अन् वनस्पतीला वर्षाला १ लाख टनांचा कोटा. करार काही मोडला नाही. २०१५ ला भारत-नेपाळ सीमेवर माल अडला, त्या नाकाबंदीनंतर तर मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी पारगमन करार (त्यांच्या हद्दीतून माल ने-आणीचा) केला. आता काठमांडूला दुखवायचं म्हणजे दिल्ली दहादा विचार करते. साफ्टात (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात) २०११ ला अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची संवेदनशील यादी, म्हणजे सूट नसलेल्या मालाची, आपणच ४८० वरून २५ वस्तूंवर आणली. उरलं काय, तर दारू-तंबाखू.

कस्टमवाला:
खरी मेख कोडात आहे. कच्चं सोयातेल १५०७.१०, रिफाइंड १५०७.९०. पहिले चार अंक तेच! डिंक, आम्ल, रंग, वास काढला म्हणून किमतीत ३० टक्के भर कशी पडेल? २१ सप्टेंबर २०२० पासूनच्या कस्टमच्या नियमांनी आयातदाराकडं उत्पादनखर्चाचा हिशेब मागता येतो, कागद ५ वर्षं जपायचे असतात. पण उगमाचा दाखला नेपाळ देतो, पडताळणीची चौकशीही तिकडंच पाठवावी लागते. तिथं फाइल पुन्हा राजनैतिक होते.

वाशिमवाला:
मंग मागणी कायची करायची, बंदीची?

घाणीवाला_अकोला:
बंदी नाही मिळत. २००२ सारखा वार्षिक कोटा मागा, आयात सरकारी संस्थेमार्फत मागा. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणलं. त्यानं इथल्या रिफायनरीला इंडोनेशियाशी झुंजता येते, शून्यवाल्या नेपाळशी नाही. अन् सारं खापर नेपाळवर फोडू नका. क्विंटलमागं तेल निघते १८ किलो, बाकी बहुतेक ढेप. इथेनॉल कारखान्यांची स्वस्त डीडीजीएस (धान्यातून इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा) कोंबडीखाद्यात शिरली, तेव्हापासून ढेपेलाही उठाव नाही.