जुनी पेट्रोल जीप गरम झाली की आयडलिंगला बंद पडते

प्रश्न (रावेर): हरिकेन इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर. चोक ओढलेला असेपर्यंत ठीक. चोक आत ढकलला की झटके, फाटकावर थांबलं की बंद. पळताना तक्रार नाही. प्लग नवे आहेत. कार्बोरेटर बदलू का?

उत्तर (भुसावळ): एवढ्यात नको भाऊ. चोकवर सुधारते म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे: कुठून तरी जादा हवा शिरतेय, नाहीतर स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) चोंदलंय. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा. आत ओढलं जाऊन आवाज बदलला, तिथेच गळती. (पेट्रोल शिंपडून बघणारे महाभाग आहेत. गाडी पेटते.) नट आलटूनपालटून आवळा, एकच बाजू कसली की फ्लँज (नट बसतात ती बुडाची कडा) वाकतो, मग पॅकिंग कितीही बदला.

उत्तर (धुळे): गळती नसेल तर जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं. मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण कमीजास्त करणारा) हलक्या हाताने तळाला टेकवून दीड फेरी बाहेर घ्या. टोकावर गोल खाच दिसली तर तो बाद. बारीक सेटिंग इंजिन गरम असतानाच, साधारण ६०० आरपीएमला.

उत्तर (अमळनेर): पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी करंट तोडणारे) कोणी विचारलेच नाहीत! गॅप ०.५ मिमी, प्लग ०.७५ मिमी. ते आधी, कार्बोरेटर नंतर. आणि मे महिन्यातच त्रास होत असेल तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटलीय का बघा. नळीत वाफ धरते. पंपावर ओलं फडकं टाकून फरक पडला तर तेच.